मदत हवी आहे: शिडाच्या होड्यांच्या दोन वर्गांची शर्यत, मधेच वारा फिरला तर वरचा मार्क (वाऱ्याकडचा, वळसा घालायचा बोया) हलवायचा कसा?

लोकमान्यनगर_इंदूर:
मंडळी, मी शिडाच्या होडीत कधी बसलेलोही नाही. मुलगी ऑप्टिमिस्ट (लहान मुलांची शिडाची होडी, थोडक्यात ऑप्टी) शिकते, म्हणून सुट्टीला इंदूरहून भोपाळच्या बड्या तलावावर जाणं होतं. किनाऱ्यावर रिकाम्या बसलेल्या बापाला कोणी ना कोणी कामाला जुंपतंच. माझ्याकडे कमिटी बोटीवरचे (शर्यत चालवणाऱ्यांच्या बोटीवरचे) झेंडे आणि हॉर्न आले.

परवा आपसातली सराव शर्यत होती. आधी आयएलसीए (मोठ्यांच्या एकट्याने चालवायच्या होड्या, आमच्याकडे अजून सगळे लेसरच म्हणतात) सोडल्या, पाच मिनिटांनी ऑप्टी. स्टार्टपासून वरचा मार्क ६०० मीटर, वर-खाली दोन फेऱ्या. सतराव्या मिनिटाला पहिली लेसर खालच्या गेटजवळ (दोन बोयांची जोडी, तिच्यामधून जाऊन पुन्हा वर वळायचं) येत होती आणि वारा २० अंश उजवीकडे गेला. सिनियर मंडळी म्हणाली, मार्क हलवा. मार्क बोटीने बोया उचलून दोनेकशे मीटर उजवीकडे नेला. मी गेटवर सी झेंडा (पुढचा टप्पा बदलला) आणि हिरवा त्रिकोण (उजवीकडे) लावून हॉर्न वाजवत राहिलो. लेसरवाले खूश.

पण निम्म्या ऑप्टी अजून पहिल्याच चढावर, म्हणजे वाऱ्याविरुद्ध वरच्या मार्ककडे जायच्या टप्प्यावर, होत्या! माझी लेक मार्कपासून चार होड्यांच्या अंतरावर, टॅक मारून (शिडाची बाजू बदलून) वळणार, तेवढ्यात समोरचा बोया रिबमध्ये, म्हणजे मार्क बोटीत, चढून निघून गेला. तिथून ओरडली, "बाबा, मार्क पळाला!" शेवटी ऑप्टींपुरता एन झेंडा लावून तीन हॉर्न दिले, शर्यत रद्द. घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही, आष्ट्याला चहाला थांबलो तेव्हाही नाही.

असं असताना नेमकं काय करायचं असतं? लेसरना वाकडा (फिरलेल्या वाऱ्याला तिरका) चढ द्यायचा की ऑप्टींचा मार्क पळवायचा?

बडोदेकर:
दोन्ही नाही. शिडांच्या शर्यतींच्या नियमपुस्तकातला नियम ३३ पाहा. जो टप्पा मार्कपासून किंवा गेटपासून सुरू होतो तोच बदलता येतो, आणि होड्या त्या टप्प्यावर निघायच्या आत त्यांना खूण दिसली पाहिजे. ऑप्टींचा पहिला चढ स्टार्ट लाइनपासून सुरू झालेला, त्याला हात लावायची सोयच नाही. कन्येचं बरोबर होतं.

जुना बोया जागेवर राहू द्या आणि नव्या जागी वेगळ्या रंगाचा टाका. गेटमधून जो खाली येऊन पुन्हा वर निघेल त्याला सी दिसतो, तो नव्या मार्कला जाईल. पहिल्या चढावरच्या ऑप्टींनी सी पाहिलेलाच नाही, त्यांना जुना. शेवटची ऑप्टी वळली की जुना उचला. सी मात्र शेवटची होडी गेटमधून जाईपर्यंत खाली घ्यायचा नाही, त्या दुसऱ्या फेरीला येतील तेव्हा त्यांनाही तो लागणार आहे. कुठला रंग पहिला आणि कुठला बदलाचा, हे शर्यतीच्या सूचनांत आधीच लिहा. दहा-बारा वर्षांच्या पोरांना पाण्यावर दोन बोये दिसले की ती जवळचा धरतात.

आणि पुढची लेसर गेटमधून निघून गेल्यावर लावलेला सी काही कामाचा नाही. उशीर झाला तर वाकडा चढ सोसायचा.

तलावकाठी:
वारा खरंच फिरला होता की नुसता झुलत होता? तलावावर तो दहा मिनिटांत उजवीकडे जातो आणि परतही येतो. मी कमिटी बोटीवर दर तीन मिनिटांनी दिशा वहीत टिपतो. आकडे मागे-पुढे होत असतील तर मार्क हलवत नाही. एकाच बाजूला सरकत राहिले, १५ अंशांच्या वर गेले, तरच.

शिवाय ऑप्टींना ६०० मीटर कशाला? त्यांचा वरचा मार्क वेगळा, चारशेवर ठेवा. मग लेसरसाठी काय हलवायचं ते हलवा.

बडोदेकर:
वेगळा मार्क उत्तमच, पण मग वारा फिरल्यावर हलवायला बोये दोन. माणसं आहेत का तेवढी?

लोकमान्यनगर_इंदूर:
दोघांचेही आभार. वही आजच घेतली. वाऱ्याचे आकडे आम्ही कोणीच टिपले नव्हते, सगळा अंदाज शिडांकडे बघून. आता अडचण अशी की आमच्याकडे मार्क बोट एकच आणि जादा नांगरही एकच. नवा बोया टाकून तीच बोट जुन्यापाशी थांबली तर गेटवर कोण? सी आणि त्रिकोण कमिटी बोटीवरच लावला आणि ती गेटच्या अगदी जवळ नांगरली, तर चालेल का?