मदत हवी आहे : ट्रिमरमुळे मानेवर ओरखडे उठत आहेत

गोदाकाठचा, नाशिक :
वडिलांचे कल्ले आणि मानेमागची रेघ आखण्यासाठी दोन वर्षांपूर्वी रुंद टी-आकाराच्या पात्याचा छोटा ट्रिमर घेतला होता. आजवर तो उत्तम चालला, परंतु गेल्या दोन खेपांना मानेवर लाल ओरखडे उठले आणि काल तर कानामागे रक्तच आले. शिवाय पाते पाच मिनिटांत तापते. नवे पाते घ्यावे की नवा ट्रिमर, एवढेच कृपया सांगावे. रविवारी घरी साखरपुडा आहे, त्यामुळे उत्तर लवकर मिळाल्यास बरे.

जुना कारागीर :
एवढ्या माहितीवर खरेदीचा सल्ला देणे कठीण आहे. आपण पात्याला तेल घालता का, आणि कोणते?

गोदाकाठचा :
तेल अर्थातच घालतो. दर महिन्याला खोबरेलाचे चार-पाच थेंब घालतो.

जुना कारागीर :
मग पाते तापण्याचे कारण बहुधा तेच असावे. खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजू लागते आणि नाशिकच्या थंडीत ते पात्यांमध्ये केसांच्या भुशासह घट्ट बसते. पातळ खनिज तेल वापरावे. ट्रिमरसोबत आलेली बाटली संपली असल्यास शिवणयंत्राचे तेलही चालते. एक-दोन थेंब दातांवर सोडून ट्रिमर दहा-पंधरा सेकंद चालवावा आणि जादा तेल पुसून घ्यावे.

तुरटीवाला :
या यंत्रांच्या नादी लागण्यापेक्षा चांगला वस्तरा आणि वर तुरटीचा खडा, हा उपाय आमच्या घरात तीन पिढ्या चालत आला आहे.

वैद्यकन्या :
तुरटीने रक्त थांबते, जंतू मरतीलच असे नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान 7 दिवस संसर्गक्षम राहू शकतो, म्हणून वस्तरा असो वा ट्रिमर, रक्त लागलेले पाते दुसऱ्याने वापरू नये. घरात हा ट्रिमर आणखी कोणी वापरते का?

गोदाकाठचा :
मी वापरतो, पण तो प्रश्न नव्हता.

तुरटीवाला :
आम्ही तीन पिढ्या एकच वस्तरा वापरला आणि सर्व जण धडधाकट आहोत.

रानमोगरा :
ट्रिमर वारंवार फिरवल्याने केस दाट होतात, हा समज खरा नाही. केसाचे मूळ त्वचेखाली असते, त्याला पाते लागतच नाही. कापलेले टोक बोथट असल्याने ते केवळ राठ भासते.

जुना कारागीर :
रानमोगरा, हे कोणी विचारले नव्हते. गोदाकाठचा, तेलाने ओरखड्यांचा उलगडा होत नाही. हे अचानक सुरू झाले, म्हणजे त्याआधी काहीतरी घडले असणार. पाते उघडले होते का?

गोदाकाठचा :
हो, मागचे दोन स्क्रू काढून पाते डेटॉलच्या पाण्यात रात्रभर बुडवले होते. स्वच्छतेसाठीच केले. यात काय चुकले?

जुना कारागीर :
हेच आधी सांगितले असते तर तुरटीपर्यंत जावे लागले नसते. या पात्याचे दोन भाग असतात, एक स्थिर आणि एक डावी-उजवीकडे हलणारा. हलणाऱ्या भागाचे दात स्थिर दातांच्या किंचित मागे, कडेला समांतर राहायला हवेत. जोडताना ते पुढे सरकले की त्वचेला आधी तेच भिडतात. स्क्रू थोडे सैल करून पाते मागे घ्यावे, उजेडात बाजूने डोळ्यांसमोर धरून दोन्ही टोके तपासावीत आणि मग स्क्रू आळीपाळीने आवळावेत. चालू ट्रिमर स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला हलकेच टेकवून पाहावा. तेथे टोचला तर मानेवर नेऊ नये.

वैद्यकन्या :
रात्रभर पाण्यात ठेवल्याने पाते गंजले असण्याचीही शक्यता आहे, आणि दातांत गंज दिसला तर पाते बदलावेच लागेल. यापुढे ब्रशने केस झाडावेत, 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पाते पूर्ण वाळू द्यावे आणि मगच तेल घालावे.

तुरटीवाला :
डेटॉलने काही बिघडत नाही, आमच्याकडे सर्व काही डेटॉलमध्येच बुडते.

गोदाकाठचा :
उजेडात पाहिले. डाव्या टोकाला आतले दात खरोखरच बाहेर आले होते. मागे घेतल्यावर मनगटावर टोचत नाही आणि गंजही दिसत नाही. शिवणयंत्राचे तेल शेजारच्या काकूंकडून आणले. आता बाहेरील दातांच्या अगदी कडेपर्यंत पाते आणले तर रेघ अधिक रेखीव येते असे एका चित्रफितीत पाहिले, ते करू का?

वैद्यकन्या :
वडिलांचे वय किती आहे आणि ते कोणती औषधे घेतात?

गोदाकाठचा :
वय 71. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. त्याचा ट्रिमरशी काय संबंध?

वैद्यकन्या :
मग रेखीव रेघेचा विचार सोडून द्यावा आणि पाते मागेच राहू द्यावे. त्यांच्या छोट्या जखमेतले रक्तही लवकर थांबणार नाही. कालची जखम पूर्ण भरेपर्यंत कानामागे ट्रिमर फिरवू नये, मग साखरपुड्याला तेथे चार केस जास्त दिसले तरी चालतील.