विनिमय दर तरता असूनही व्याजदर ठरवायला हात मोकळे का नसतात?

प्रश्न :
ट्रायलेमाचा नियम (स्थिर विनिमय दर, भांडवलाची मोकळी ये-जा आणि स्वतंत्र पतधोरण, या तिन्हींपैकी एका वेळी दोनच साधतात) सांगतो की विनिमय दर बाजारावर सोडला, तर भांडवलाची ये-जा मोकळी ठेवूनही पतधोरण स्वतःचं राखता येतं. मग मे 2013 मध्ये फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, रोखेखरेदी आटोपती घेण्याचं नुसतं सूतोवाच केल्यावर इतक्या उदयोन्मुख देशांना पैसा महाग का करावा लागला?

उत्तर १ :
ताळेबंदामुळे. समजा, कंपनीचं कर्ज 100 डॉलर, कमाई सगळी स्थानिक चलनात, डॉलरचा भाव 50. कर्ज झालं 5,000, मालमत्ता 7,000, स्वतःचं भांडवल 2,000. भाव 60 झाला की कर्ज 6,000 आणि भांडवल थेट निम्मं! मंदीत दर कमी करावा तर चलन आणखी घसरतं आणि अशा कंपन्या बुडतात. त्यांच्यामागोमाग बँकाही. मध्यवर्ती बँकेचे हात बांधले जातात ते इथे. भारतात जुलै 2013 मध्ये रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो मुख्य दर) 7.25 टक्क्यांवरच होता, पण एमएसएफ (बँकांना तातडीच्या उसनवारीसाठीचा चढा दर) 8.25 वरून 10.25 टक्क्यांवर नेला, तो रुपया सावरायला.

उत्तर २ :
चलन सावरायला गंगाजळीने, म्हणजे परकीय चलनाच्या साठ्याने, वेळ मिळतो, पण ती फुकट नसते. डॉलर विकत घेऊन बाजारात आलेला पैसा रोखे विकून शोषायचा, तर देशातल्या आणि अमेरिकी रोख्यांच्या व्याजातला फरक अंगावर पडतो. 4 टक्के फरक असेल तर 100 अब्ज डॉलरवर वर्षाला 4 अब्ज. किमान पातळी म्हणून वर्षभरात फेडायच्या परदेशी कर्जाइतका साठा धरतात. यात उरलेली मुदत मोजायची, मूळ मुदत नव्हे. चूक नेमकी तिथेच होते.

उत्तर ३ :
मला तरी मूळ दुखण्यावरचा इलाज कोरियाचा वाटतो. तिथल्या जहाजबांधणी कंपन्या पुढे मिळायचे डॉलर वायद्याने, म्हणजे आज भाव ठरवून पुढे द्यायच्या कराराने, बँकांना आधीच विकत. डॉलर पडला तर तोटा होऊ नये म्हणून बँका अल्पमुदतीचे डॉलर उसने घेत. 2008 मध्ये त्या उसनवारीचं नूतनीकरण अडलं. म्हणून 2010 मध्ये परकीय चलनाच्या वायदा व्यवहारांना मर्यादा घातली : देशी बँकांना भांडवलाच्या 50 टक्के, परदेशी बँकांच्या शाखांना 250 टक्के. 2011 पासून बँकांच्या परकीय चलनातल्या कर्जावर शुल्कही बसवलं, मुदत कमी तितकं जास्त.

गळती मात्र राहतेच. बँकांना बांध घातला की कंपन्या परदेशातल्या उपकंपनीच्या नावाने रोखे काढतात. कर्ज जिथे उचललं त्या देशाच्या हिशेबात ते दिसतं, मूळ कंपनीच्या देशाच्या हिशेबात दिसत नाही. त्यामुळे आकडे समूहाच्या एकत्रित ताळेबंदातून मागवायला हवेत, तेही तिमाहीला.