लाइव्ह मैफल ऐकायला टॉवर स्पीकर हवेत की बुकशेल्फ? (१० बाय १२ च्या हॉलसाठी)

नौपाडा_तानपुरा
मंडळी, माझं स्पष्ट मत आहे की आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटमधे लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकायची असतील तर टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) घेऊच नयेत. अनुभवाने सांगतोय. मागच्या वर्षी एका दुकानात डेमो ऐकला, मोठा हॉल, खाली कार्पेट, जाड पडदे, डग्गा असा घुमला की तिथेच पैसे भरून आलो. घरी आमचा हॉल १० बाय १२ फूट, जुनी बिल्डिंग. पहिल्याच रात्री बाबांनी कॅसेटवर टेप केलेली एक मैफल लावली तर तानपुरा गायबच, नुसतं भिंतींतून हूंऽऽ, आणि गायकाचा आवाज त्याच्यामागे दबलेला. दोन महिने स्पीकर इकडून तिकडे सरकवले, शेवटी अर्ध्या किमतीत विकले.

मग कागद-पेन घेऊन बसलो. १२ फूट लांबीत आवाज साधारण ४७ हर्ट्झला उभा राहतो (म्हणजे तो सूर खोलीच फुगवते), १० फुटात ५६ ला, आणि दोन्ही दिशा मिळून ७३ ला. आता काळी एकचा तानपुरा घ्या, खर्जाची तार ६९ हर्ट्झ! म्हणजे खोली नेमकी तिथेच फुगते जिथे आपला खर्ज आहे. टॉवर तिथे भरपूर आवाज ओततो आणि खोली त्यात भर घालते. आता स्टँडवर ५ इंची वूफरचे (बेस वाजवणारा कोन), बंद डब्याचे (हवेला भोक नसलेले) बुकशेल्फ, म्हणजे छोटे स्पीकर, आहेत. गळा समोर बसल्यासारखा ऐकू येतो, मधेच कोणीतरी दिलेली दाद डाव्या कोपऱ्यातून येते. मला लाइव्ह म्हणजे हेच हवंय.

नेरूळ_बॅकबेंच
अजिबात पटलं नाही. तुमची खोली चुकली म्हणून टॉवर चुकीचे कसे? लाइव्हची सगळी जान आवाजाच्या चढउतारात असते. स्टुडिओत सगळं दाबून एका पातळीवर आणतात, पण स्टेजवर तबलजी अचानक थाप मारतो ना, तो धक्का छातीला बसला पाहिजे. जानेवारी २०२५ ला डी. वाय. पाटील स्टेडियमला कोल्डप्ले या रॉक बँडच्या कार्यक्रमाला होतो, तो किक ड्रम ५ इंची कोनमधून येईल असं कोणी सांगू नका. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी कोनला चौपट हलावं लागतं, छोटा कोन कुठवर हलणार? वर ८४ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच वॉटमधे किती मोठा वाजतो ते माप) छोटा डबा आणि ९० चा टॉवर यात ६ डेसिबलचा फरक, म्हणजे तोच आवाज काढायला चौपट वॉट. अँप (अँप्लिफायर) दमतो, मग सम आली की सगळं चपटं. शास्त्रीयवाल्यांना वाटतं बेस फक्त रॉकवाल्यांना लागतो, पण पखवाज ऐका की एकदा मोठ्या स्पीकरवर.

नौपाडा_तानपुरा
पखवाजाचं मान्य. पण बीबीसीने सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांमधे ऐकायला जो छोटा स्पीकर बनवला, एलएस३/५ए, तोही ५ इंची आणि बंद डब्याचाच होता. त्यांनी खालचा बेस सोडून दिला आणि माणसाचा आवाज खरा ठेवला. आमचा हॉल त्या गाडीपेक्षा फार मोठा नाहीये!

नेरूळ_बॅकबेंच
गाडीत स्पीकर कानापासून तीन फुटावर, तुम्ही बसता आठ फुटावर सोफ्यात. आणि मोठ्याने वाजवायला तो केलाच नव्हता.

वाशी_मिक्सर
मी कार्यक्रमांच्या हॉलमधे साउंड करतो, वीसेक वर्षं झाली, म्हणून थोडं लांब लिहितो. तुम्ही दोघं डब्यावर भांडताय आणि रेकॉर्डिंगकडे कोणी बघतच नाहीये. लाइव्ह रेकॉर्डिंग दोन तऱ्हेची असतात. एक थेट मिक्सरमधून काढलेलं. त्यात छोट्या हॉलची मोठी गोची असते, तबला किंवा ड्रम मुळातच एवढा मोठा वाजतो की आम्ही माइकवर तो कमीच ठेवतो, हॉलमधल्या लोकांना तो माइकशिवायही ऐकू येतो, पण टेपवर मात्र गळा पुढे आणि तबला कुठेतरी लांब. वर हॉलची हवा शून्य. असं रेकॉर्डिंग लाखाच्या टॉवरवरही सपाटच वाजणार, छाती वगैरे काही हलत नाही. दुसरं म्हणजे प्रेक्षकांकडचे माइक मिसळून केलेलं, त्यात खोकला, दाद, छताचा प्रतिध्वनी सगळं असतं, आणि तिथे स्पीकर भिंतीपासून किती पुढे आहे याला डब्याच्या साइझपेक्षा जास्त महत्त्व आहे. निदान दोन-अडीच फूट पुढे ओढा, ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा कोन) कानाच्या उंचीला, तुम्ही आणि दोन स्पीकर असा समभुज त्रिकोण. भिंतीला चिकटवले की आवाजातला स्टेजचा पुढे-मागेपणा जातोच.

स्पीकर निवडताना टाळ्या लावून बघा, खरंच. प्रत्येक टाळी सुटी ऐकू आली पाहिजे. पाऊस पत्र्यावर पडल्यासारखा एकच सळसळाट आला तर ट्वीटर बरा नाही, किंवा फाइल फार दाबलेली आहे. कमी बिटरेटच्या एमपीथ्रीत टाळ्याच पहिल्या मरतात. त्यामुळे चांगली फाइल घेऊन दुकानात जा, त्यांची डेमोची सीडी नको.

घोडबंदर_१४वा_मजला
मला टॉवर-बुकशेल्फपेक्षा वेगळाच प्रश्न आहे आणि तो कोणीच काढला नाही. मी ऐकते रात्री साडेदहानंतर, मुलं झोपल्यावर, नाट्यसंगीताची जुनी लाइव्ह रेकॉर्डिंग. खालच्या मजल्यावर काकांची तब्येत बरी नसते. म्हणजे आवाज हळूच. आणि आवाज कमी केला की कानाला मुळातच बेस कमी ऐकू येतो, हा कानाचाच गुण आहे, स्पीकरचा दोष नाही. नौपाडाकर, तुमचे छोटे डबे माझ्याकडे कोरडे वाटतील. ऑर्गन तर पार पातळ होतो. पण टॉवरचा घुमारा स्लॅबमधून खाली जातो ते वेगळंच. मी जुना अँप शोधून घेतला ज्याला लाउडनेसचं (हळू आवाजात बेस वाढवणारं) बटण आणि बेसचा नॉब आहे, ६ इंची बुकशेल्फ, खाली रबराच्या चकत्या. हळू आवाजातही ऑर्गन भरीव लागतो. हल्लीच्या अँपवर नॉबच नसतात आणि त्याचं लोकांना कौतुक, मला ते कधीच पटलेलं नाही.

नौपाडा_तानपुरा
@घोडबंदर, हे मी धरलंच नव्हतं. मी दुपारी ऐकतो, मोकळ्या आवाजात. माझं 'टॉवर घेऊच नयेत' हे वाक्य रात्री ऐकणाऱ्याला बुकशेल्फच्या बाजूने तसंच लावता येणार नाही, मान्य.
@वाशी, बाबांची कॅसेट मिक्सरमधून नाही, ते समोर सतरंजीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसायचे. त्यात तानपुरा अगदी जवळ आहे. म्हणूनच तो गेला तेव्हा एवढं लागलं मला.

नेरूळ_बॅकबेंच
सतरंजीवरचं रेकॉर्डिंग म्हणजे मोनो ना? मग तुमची डाव्या कोपऱ्यातली दाद?

नौपाडा_तानपुरा
ती दुसऱ्या रेकॉर्डिंगमधली, नंतरच्या स्टिरिओ सीडीवरची. कॅसेट मोनोच आहे, गळा बरोबर मधे उभा राहतो.

नेरूळ_बॅकबेंच
मग रविवारी कॅसेटची फाइल घेऊन या सेक्टर १९ ला. माझा हॉल १२ बाय २०, टॉवर भिंतीपासून तीन फूट पुढे, मागचे पोर्ट (बेससाठीची भोकं) फोमने बंद करता येतात. खर्ज दबला तर मी इथेच लिहीन की दबला.

वाशी_मिक्सर
मी पण येतो. मेजरिंग टेप आणि माइक आणतो. आधी पोर्ट उघडे ठेवून ऐकू, मग बंद करून, आवाजाची पातळी दोन्ही वेळा सारखी ठेवायची, नाहीतर जो मोठा वाजेल तोच कानाला बरा वाटतो.

नौपाडा_तानपुरा
येतो. दुपारी तीनला ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने निघतो. फाइल दाबलेली नाही, पूर्ण आहे, शेवटची भैरवीसुद्धा.