हीटसिंक ६० अंशांवर गेला की एलईडी लागावा: बीसी५४७ ट्रान्झिस्टर नीट सेट होत नाही

प्रश्न – तांब्याची_तार
ॲम्प्लिफायरच्या हीटसिंकसाठी इशाऱ्याचा लाल एलईडी हवा आहे. ९ व्होल्टवरून १० के (किलोओहम) एनटीसी थर्मिस्टर (तापला की रोध कमी होतो; बी ३९५० हा त्या बदलाचा आकडा) बेसला, बेस ते ग्राउंड १० के प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रोध), कलेक्टरला ४७० ओहम आणि एलईडी. प्रीसेट पार टोकाला जातो आणि एलईडी झटकन न लागता मिणमिणत उजळतो. ट्रान्झिस्टर बदलूनही तेच.

ओहमकार
ट्रान्झिस्टरचा दोष नाही. ६० अंशांना हा थर्मिस्टर २.५ केच्या आसपास येतो. बेसला ०.६५ व्होल्ट मिळायला खाली जेमतेम १९५ ओहम लागतात, म्हणजे तुमच्या प्रीसेटचे दोन टक्के. १ केचा मल्टिटर्न (अनेक फेऱ्यांचा) प्रीसेट लावा, सेटिंग हातात येईल.

मिणमिणणं मात्र राहणारच. बेसचं व्होल्टेज अंशाला वीसेक मिलिव्होल्ट वाढतं. एलईडी अंधूक ते पूर्ण व्हायला दीडशेच्या आसपास लागतात. सात-आठ अंश त्यातच गेले. बॅटरी ७ व्होल्टवर उतरली की आणखी आठेक अंश उशीर. शाळेच्या प्रकल्पाला ठीक, हीटसिंकला नाही.

प्रीसेटवाला
सहमत. एलएम३९३ (दोन व्होल्टेजची तुलना करणारी कंपॅरेटर चिप) वापरा, ५ व्होल्टवर. १० के रोध (१ टक्का अचूकतेचा) वर ५ व्होल्टकडे, थर्मिस्टर खाली ग्राउंडला. मधला बिंदू पिन ३ ला. १० के प्रीसेटचा मधला पाय पिन २ ला, तिथे १ व्होल्ट ठेवा. पिन १ ओपन कलेक्टर आहे, स्वतः व्होल्टेज देत नाही; म्हणून ५ व्होल्टकडून १ के आणि एलईडी पिन १ कडे, शिवाय पिन १ ते ५ व्होल्ट वेगळा १० के पुल-अप. पिन १ ते ३ मध्ये २२० के टाका, दीडेक अंशाचा हिस्टेरिसिस (लागण्या-विझण्याच्या तापमानांतला फरक) मिळतो. तो नसेल तर उंबरठ्यावर एलईडी फडफडतो. पिन ८ ला ५ व्होल्ट, ४ ग्राउंड, दोन्हींमध्ये ०.१ मायक्रोफॅरड. पिन ५, ६ (चिपच्या न वापरलेल्या भागाच्या) ग्राउंडला.

१० के-थर्मिस्टरचा दुभाजक आणि प्रीसेट एकाच पुरवठ्यावर असल्याने व्होल्टेज थोडं हललं तरी सेटिंग सरकत नाही.

ओहमकार
एक भर. थर्मिस्टरच्या पायांना इन्सुलेशनची स्लीव्ह घाला. बऱ्याच पॉवर ट्रान्झिस्टरची पाठ कलेक्टरला जोडलेली असते, मध्ये अभ्रकाचा इन्सुलेटर नसेल तर हीटसिंकवर थेट सप्लाय येतो. थर्मिस्टरचा मणी थर्मल पेस्टसह पॉवर ट्रान्झिस्टरलगत क्लॅम्प करा. नुसता हवेत लोंबकळला तर हीटसिंक बराच तापूनही त्याला पत्ता लागत नाही.