पायाभूत चाचणी बंद करा म्हणणाऱ्यांना

खडूपेटी : 'पायाभूत, संकलित 1, संकलित 2, तिन्ही बंद करा, शिकवायला वेळच उरत नाही' हे वाचून राहवलं नाही. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत, पहिल्या सत्राअखेर संकलित 1 आणि वर्षाअखेर संकलित 2, अशा या राज्यभरातल्या सरकारी चाचण्या. पाचवीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नाही, हे मग कळणार कधी? दिवाळीनंतर? पेपर तपासताना गुणांआधी चुका वहीत उतरवा. 52 − 27 चं उत्तर ज्यांनी 35 लिहिलं, ती मुलं मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात. त्यांना दशकाच्या जुड्या आणि सुट्ट्या काड्या घेऊन बसवा.

मधली सुट्टी : बसवणार कोण? द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता दोघांकडे. वर विद्या समीक्षा केंद्राच्या (शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) चॅटबॉटवर गुण भरा, रेंज नसली की रात्री जागा. संकलित 2 तर एप्रिलमध्ये. पेपर तपासून होईपर्यंत मुलं मामाच्या गावाला!

तिसरी घंटा : मुळात तुमचं ते 35 फसवं आहे. दशक सुटा करून 12 − 7 बरोबर केलं, पण 5 चे 4 करायला विसरलं, तरी उत्तर 35 च येतं. त्या मुलाला काड्या नकोत, 5 खोडून वर 4 लिहायची सवय हवी. 53 − 27 द्या. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करणारा 34 लिहील, 5 चे 4 करायला विसरणारा 36. बहुपर्यायी प्रश्नात हे दोन्ही पर्याय हवेतच, शिवाय 80, म्हणजे चिन्ह न बघता बेरीज करणारे सापडतील.

मधली सुट्टी : मग फळ्यावर तीन उदाहरणं घाला की! त्यासाठी राज्यभर एकच पेपर कशाला?

खडूपेटी : एका अंकावरून अख्खी चाचणी उडवू नका! 53 चं मान्य, माझं उदाहरण चुकलं. पण फळ्यावरची उदाहरणं शाळेगणिक बदलतात, सोपी घातली की सगळा वर्ग हुशार. प्रगती मोजायची कशी?

तिसरी घंटा : आत्ताही कुठे मोजता? पायाभूत असते मागच्या इयत्तेवर, संकलित 1 चालू इयत्तेच्या पहिल्या सत्रावर. पायाभूतचे 40 टक्के आणि संकलित 1 चे 55 टक्के यांची वजाबाकी म्हणजे प्रगती नव्हे, पेपरच वेगळे आहेत. दोन्ही पेपरांत त्याच अध्ययन निष्पत्तीचे (म्हणजे शिकून मुलाला जे यायला हवं त्याचे), त्याच काठिण्याचे निदान पाच-सहा प्रश्न ठेवा आणि फक्त त्यांची तुलना करा.

मधली सुट्टी : तेवढं केलंत तर पायाभूत राहू द्या. एप्रिलची मात्र फेब्रुवारीत घ्या.