ना. श्री. की द. रा.? मुलांना कोणते बेंद्रे सांगायचे?

रामबाग_इंदूर
नमस्कार. मी इंदूरची, रामबागेत राहते. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. मागच्या गणेशोत्सवात जवळच्या एका मंडळाने मुलांची प्रश्नमंजूषा ठेवली होती. प्रश्न होता, ‘इंदूरला जन्मलेले थोर चित्रकार बेंद्रे यांचं पूर्ण नाव सांगा.’ माझ्या नातीने हात वर केला आणि सांगितलं, नारायण श्रीधर बेंद्रे. तिला चूक दिली. त्यांच्या कागदावर उत्तर होतं, दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे, म्हणजे धारवाडचे कवी. घरी येऊन तिने मला विचारलं, “आजी, तू मला चुकीचं शिकवलंस का?” त्या रात्री मला झोप लागली नाही.

ना. श्री. बेंद्रे आमच्या गावचे. जन्म १९१० चा. देवलालीकर मास्तरांकडे इथेच शिकले. मास्तर मुलांना उघड्यावर नेत. उन्हात बसायचं, समोरचं झाड, समोरची भिंत, तिच्यावर पडलेली सावली बघायची आणि तिथल्या तिथे रंगवायची. इंदूरच्या त्या पिढीच्या हाताला जो मोकळेपणा आहे तो तिथून आला असं मी मानते. विष्णू चिंचाळकर गुरुजी, डी. जे. जोशी, सगळे त्याच छायेतले. मकबूल फिदा हुसेन इंदूरला वाढले, तेव्हा बेंद्रे त्यांना रस्त्यात चित्र काढताना भेटले आणि पुढे घरी जाऊन त्यांच्या वडिलांना समजावलं की मुलाला चित्रं काढू द्या. हुसेन स्वतः ही गोष्ट सांगत. आणि आमच्याच मुलांना त्या माणसाचं नाव बरोबर सांगितल्यावर चूक मिळावी?

मंडळाशी भांडायचं नाही, चांगली पोरं आहेत. आडनाव एकच, दोघंही मोठे, कुणीतरी कुठून तरी उतरवून घेतलं असणार. म्हणून ठरवलंय की यंदा गणपतीत चार फलक करायचे, एकेका बेंद्रेंचा एक. चित्रकार बेंद्रेंचा मी लिहीन. बाकीच्यांबद्दल ज्यांनी जवळून वाचलंय, ऐकलंय, त्यांनी कृपया सांगावं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला कळेल असं हवं.

सिद्धेश्वर_पेठ
काकू, द. रा. बेंद्रे आम्हा सोलापूरकरांचेही. १९४४ ते १९५६ ते इथल्या डी. ए. व्ही. कॉलेजात कन्नड शिकवत होते. माझे वडील सांगायचे की सर रस्त्याने बोलत जायचे आणि बाजूचा माणूस आपलं काम विसरून त्यांच्याबरोबर चालत राहायचा. जन्म १८९६, धारवाड. घरची भाषा मराठी, कविता कन्नडमध्ये. मराठीतही लिहिलं, पण कर्नाटक त्यांना आपला वरकवी मानतो, म्हणजे ज्याला कवितेचा वर मिळालाय असा.

मुलांना सांगण्यासारखं एक. ज्या संग्रहाला १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं त्याचं नाव ‘नाकु तंति’, म्हणजे चार तारा. त्या चार तारा कोणत्या? नानु, नीनु, आनु, तानु. मी, तू आणि त्यांच्यापलीकडचे दोन. मुलांना तंबोरा दाखवून हे सांगितलं तर लगेच कळेल, त्यालाही सहसा चारच तारा.

आणि स्वातंत्र्याच्या चळवळीत एका कवितेपायी त्यांना तुरुंगात जावं लागलं, हेही लिहाच.

फत्तेगंज_बडोदा
ताई, ना. श्रीं.बद्दल लिहिताना बडोद्याला विसरू नका, अशी कळकळीची विनंती. मी फाइन आर्ट्सला शिकले, त्यांच्या खूप नंतर, पण तिथल्या भिंतींना अजून त्यांची सवय आहे. १९५० साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विभाग उभा राहिला तेव्हा चित्रकला त्यांनी सांभाळली, पुढे डीन झाले, १९६६ पर्यंत राहिले. ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख, शांती दवे, रतन परिमू हे सगळे त्यांच्या हाताखालचे. या चौघांची चित्रं शेजारी शेजारी लावून बघा, एकाचंही दुसऱ्यासारखं नाही, आणि सरांसारखं तर कुणाचंच नाही. मला शिक्षक म्हणून त्यांची हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

‘काटा’ या चित्राला १९५५ चा राष्ट्रीय पुरस्कार होता.

कागदपत्रे
तिसरे बेंद्रे इतिहासातले, वासुदेव सीताराम. जन्म १८९४. त्यांच्याआधी छत्रपती संभाजी महाराज म्हणजे नाटकातले व्यसनी, बेफिकीर राजपुत्र, असंच चित्र होतं. वा. सीं.नी सुमारे चाळीस वर्षं कागद गोळा केले आणि १९६० साली चरित्र काढलं, तेव्हा तो डाग धुतला जायला लागला. शिवाजी महाराजांचं म्हणून जे चित्र पूर्वी छापलं जाई, ते दुसऱ्याच कुणा सरदाराचं होतं. खरं चित्र शोधून लोकांसमोर ठेवलं तेही त्यांनीच. म्हणजे चुकीच्या चित्राखालचं नाव दुरुस्त करणारा हा माणूस, तुमच्या फलकांत त्यांना जागा हवीच.

निपानिया_इंदूर
काकू, चौथा फलक सोनाली बेंद्रेंचा करा. मुलं आधी त्याच्यासमोर थांबतील आणि मग बाकीचे वाचतील. कॅन्सरच्या आजारपणात त्यांनी केस गेलेले फोटो लोकांसमोर न लपवता ठेवले होते. माझ्या मावशीवर तेच उपचार चालू होते, तिला त्याने फार धीर आला.

रामबाग_इंदूर
सगळ्यांचे मनापासून आभार. सोनालीचा फलक करते, मावशींचं वाचून शंका उरली नाही.

द. रां.बद्दल वाचल्यावर मी बराच वेळ एका गोष्टीशी अडले. आपण ना. श्री., द. रा., वा. सी. म्हणतो, त्यात मधलं अक्षर वडिलांचं. श्रीधर, रामचंद्र, सीताराम. त्या एका अक्षरावरच तर माणूस ओळखायचा असतो. पूर्वी आमच्या गल्लीत तीन जोशी होते आणि पोस्टमन कधी चुकला नाही, कारण पाकिटावर मधलं नाव असे. आता मुलं नुसतं आडनाव लिहितात, आणि प्रश्नमंजूषेत घोटाळा होतो तो तिथेच. पण द. रां.नी कवितेखाली सही केली ती ‘अंबिकातनयदत्त’, अंबिकेचा मुलगा दत्त. आईचं नाव! हे मी नातीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, फलकावर हेच मोठ्या अक्षरांत लिहू. लिहू या.

ना. श्रीं.च्या फलकाचं नातीने आणि मी काल सुरू केलं. त्यांची उतारवयातली चित्रं रंगाच्या ठिपक्यांनी भरलेली आहेत. रंग पाटीवर मिसळायचा नाही. एका रंगाशेजारी दुसऱ्या रंगाचा ठिपका ठेवायचा, लांबून बघणाऱ्याच्या डोळ्यात ते मिसळतात. मुलांना हे हाताने करून बघायला देणार आहे. कापसाच्या काड्या, पोस्टर कलरच्या चार बाटल्या आणि पाठकोरे कागद एवढंच लागेल. एक आंब्याचं झाड सगळ्यांनी मिळून, प्रत्येकाचे ठिपके.

मंडळाच्या अध्यक्षांना आज भेटून आले. त्यांनी चूक लगेच मान्य केली आणि नातीला बोलावून सांगितलं की तुझं उत्तर बरोबर होतं. ती काही बोलली नाही, घरी येऊन वहीत ‘नारायण श्रीधर बेंद्रे, इंदूर’ असं लिहून त्याखाली रेघ मारली.

आता एकच मदत हवी. देवलालीकर मास्तरांच्या वर्गाचा जुना फोटो इंदूरमध्ये कुणाच्या घरी असेल तर कृपया कळवा. मी स्वतः येऊन बघेन, फोटो घरातून हलवायची गरज नाही.