गोळ्या मोजण्यापलीकडे
"मेडिकलवाला गोळ्या मोजून देतो, तो काय खर्च वाचवणार?" असं बरेच जण विचारतात. आमच्या घरचं सांगतो. दारव्ह्याजवळच्या गावात बाबा दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर शुगरच्या दोन गोळ्या घेत होते. नावं वेगळी, आत दोन्हीत मेटफॉर्मिन हे एकच औषध! त्याच्या दुहेरी डोसाने असेल, पोट सदा बिघडलेलं, त्याचं औषध आणखी वेगळं. दुकानातल्या डी.फार्म. (फार्मसीची पदविका) झालेल्या पोराने स्ट्रिपा उलट्या करून बारीक अक्षरं दाखवली, तेव्हा कळलं. डॉक्टरांना विचारून एक बंद केली.

अमेरिकेत ॲशव्हिल शहराने १९९६ पासून हेच पद्धतशीर केलं. शहराचे मधुमेही कर्मचारी फार्मासिस्टला नियमित भेटत, सल्ल्याचे पैसे फार्मासिस्टला शहराकडून मिळत. साखर आटोक्यात आली, एकूण खर्चही उतरला. आपल्याकडे फार्मासिस्टच्या कामाबद्दलच्या २०१५ च्या नियमांत रुग्णाचं समुपदेशन आहेच, पण त्याचे पैसे कोण देणार? (शिवाय फार्मासिस्टचं सर्टिफिकेट दुकानाच्या भिंतीवर अन् तो स्वतः भलतीकडेच, हे आहेच.)